गुणमालेचा सॉस

आक्काताई लग्न होऊन समडोळीला आली तेव्हा तिचा दीर जवाहर सहा वर्षांचा होता. पुढच्याच पावसाळ्यात सासू गेली आणि ते पोर आक्काताईच्या पदराला धरून चुलीपाशी बसायला लागलं. तिनंच त्याला न्हाऊ घातलं, भाकरी कुस्करून भरवली, पाटी-दप्तर देऊन शाळेत धाडलं. पुढं तिला स्वतःच्या दोन मुली झाल्या, तरी तव्यावरची पहिली भाकरी जवाहरच्या ताटात जायची. मुलींना त्यात काही वावगं वाटायचं नाही. त्यांनी डोळे उघडल्यापासून घरात तसंच चाललं होतं.

नवरा बाळगोंडा ऊस आणि हळद करायचा. सरळ माणूस, पण तोंडातून शब्द काढायला महाग. ताटात पडेल ते खायचा. मीठ कमी पडलं तर वर घ्यायचा, जास्त झालं तर पाणी प्यायचा. जेवण कसं झालंय हे आक्काताईला कळायचं ते जवाहरकडून. मॅट्रिक होऊन तो कुपवाडला कामाला लागला, तरी संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवली की आधी चुलीपाशी यायचा. सूर्य बुडायच्या आत जेवण व्हायला हवं, म्हणून ती ताट वाढूनच ठेवायची. जेवता जेवता तो कारखान्यातलं सगळं सांगायचा.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन मोठ्या कढया आणि बाटल्या धुणाऱ्या चार बायका. तिथं टोमॅटोचा सॉस बनायचा. मालक भाऊसो आपल्यातलेच, जैन, त्यामुळं सॉसमध्ये कांदा नाही, लसूण नाही. पण टोमॅटोही फार नसायचे. सुगीत ते स्वस्त झाले की टोमॅटो, एरवी लाल भोपळा. त्यात साखर, ॲसिड आणि रंग. स्वस्त म्हणून खपायचा. ज्या बाटलीचं लेबल वाकडं लागलं ती कामगारांना घरी न्यायला मिळायची. जवाहर त्या आणायचा आणि त्या फळीवर धूळ खात पडायच्या. आक्काताईच्या स्वयंपाकात त्यांचं काही काम नव्हतं.

शहात्तर साली जवाहरचं लग्न झालं. मुलगी मिरजेची, गुणमाला. वडील रेल्वेत कारकून. तिला भरतकाम यायचं, मासिकं वाचायची आवड होती. भाकरी मात्र तिची परातीतच कडेनं फाटायची. आक्काताई तिला रोज शिकवायची आणि रोज भाकरी फाटायची. खरं सांगायचं तर आक्काताईला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

वाईट वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. जवाहर आता कामावरून आला की शर्ट अडकवायला आधी आतल्या खोलीत जायचा. शर्ट अडकवायला एवढा वेळ लागतो हे आक्काताईला आजवर माहीत नव्हतं. आतून त्याचा बोलण्याचा आवाज यायचा, मधेच गुणमालेचं हसू. शब्द कळायचे नाहीत. मग तो जेवायला यायचा, आणि कारखान्यातलं काही विचारलं तर म्हणायचा, रोजचंच हाय, वैनी. सांगायचं ते आत सांगून संपलेलं असायचं.

एका रविवारी गुणमालेनं मॅकरोनी केली. मिरजेला त्यांच्या शेजारी मिशनच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई राहायच्या, त्यांच्याकडं तिनं ती लहानपणी खाल्ली होती. सांगलीच्या दुकानात पाकीट दिसलं म्हणून जवाहरनं आणलं. आखूड, पोकळ, नळीसारख्या शेवया. गुणमालेनं त्या पाण्यात उकळून निथळून घेतल्या, फळीवरची सॉसची बाटली कढईत ओतून गरम केली आणि त्यात शेवया घोळवल्या. मुली ताटल्या घेऊन आधीच बसल्या होत्या.

आक्काताईनं एक घास घेतला आणि तिचे दात आंबले. आंबट, त्यावर उगाच गोड, आणि गिळल्यावर मागं रंगाची कडवट चव. आत भोपळा आहे हे तिला पहिल्याच घासाला कळलं. जवाहरनं मात्र दोनदा मागून घेतलं. तोंड पुसत तो म्हणाला, "वैनी, असलं काय तू कधी केलं न्हाईस."

त्याच्या मनात काही नव्हतं. पण ते वाक्य आक्काताईनं दिवसभर सोबत वागवलं. भांडी घासताना, गाईला वैरण टाकताना, देवळात हात जोडतानासुद्धा. अठरा वर्षं ह्याला रांधून घातलं, आणि त्यानं हिशोब काय केला, तर जे कधी केलं नाही त्याचा.

पुढच्या रविवारी आक्काताईचा भाऊ नेमगोंडा जेवायला येणार होता. सकाळपासून तिनं सगळं आपल्या हातानं केलं होतं. गुणमाला म्हणाली, मी थोडी मॅकरोनी करते, पाहुण्यांना नवीन काहीतरी. नको म्हणायला आक्काताईला कारण सापडलं नाही. गुणमालेनं शेवया उकडल्या, सॉस कढईत ओतला, झाकण ठेवलं आणि कळशी-गाळणं घेऊन पाण्याला गेली.

आक्काताईनं झाकण उचललं. तोच आंबट वास. हे माझ्या भावाच्या ताटात जाणार, तो माहेरी जाऊन सांगणार, आक्काच्या घरात आता असलं खातात. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली. टोपलीतले चार पिकले टोमॅटो निखाऱ्यावर टाकले. साली तडकल्या तशा सोलल्या आणि गर हातानंच कुस्करला. लोखंडी कढल्यात तूप तापवून जिरं टाकलं, हिंग टाकला, त्यात तो गर परतला आणि मग कढईतला सॉस त्यात घालून मंद आचेवर आटत ठेवला. कडेनं तूप सुटायला लागलं तेव्हा गुळाचा खडा टाकला. न्हाणीच्या दगडाजवळ पानओवा वाढला होता, त्याची दोन पानं चुरगाळून घातली. चव घेतली. अजून कुठंतरी टोचत होतं. मग दुधावरची साय फेटून घातली आणि लगेच उतरवलं. बाजारी लाल रंग जाऊन विटकरीसारखा झाला होता. तिनं सगळं परत कढईत ओतून झाकण ठेवलं, कढलं धुऊन जागेवर लावलं आणि भाकरीला बसली.

नेमगोंडानं भाकरी खाल्ली, भाजी खाल्ली, काही बोलला नाही. ते त्याच्या नेहमीच्या ओळखीचं होतं. शेवया खाल्ल्या आणि हात थांबवून म्हणाला, हे कुणी केलं. जवाहर फुलून म्हणाला, गुणमालानं. नेमगोंडा बहिणीला म्हणाला, जाऊ नशिबानं मिळाली हो तुला.

गुणमालेनं स्वतःच्या ताटातला घास तोंडात घातला होता. ती थबकली, ताटाकडं बघत राहिली आणि मग मान खाली घातली. आक्काताई बघत होती. आता बोलेल, हे माझं नव्हे म्हणेल. पण लाजल्यासारखं करून गुणमालेनं स्तुती पदरात घेतली.

त्या दिवसापासून आक्काताईला चैन पडेना. पुन्हा हात लावायचा नाही असं तिनं ठरवलं. पण पुढच्या रविवारी गुणमाला कढई झाकून देवळात गेली आणि आक्काताईचे हात आपोआप टोपलीकडं गेले. न घालावं तर जवाहरचा घास आंबट होणार. घालावं तर तो खाऊन बायकोकडं बघून हसणार. तिनं घातलं. तो हसला. आपल्या हातचं तो मिटक्या मारत खातोय याचं सुख आणि त्याला नाव दुसरीचं लागतंय याची आग, दोन्ही एकाच ताटात वाढलं जायचं. असे रविवार जात राहिले. गुणमालेला दर वेळी नेमकं काहीतरी काम निघायचं, कधी पाणी, कधी देऊळ, कधी शेजारी जाऊन यायचं. आक्काताई मनात म्हणायची, कामचुकार तर कामचुकार आणि वर कौतुक.

कौतुक घराबाहेरही गेलं. शेजारची धोंडुबाई वाटी घेऊन आली आणि दारातून विचारलं, गुणमालेचा सॉस हाय का थोडा, पोरगं हट्ट धरून बसलंय. वाटी आक्काताईनंच भरून दिली. जवाहरनं सांगलीहून गुणमालेला हिरव्या बांगड्या आणल्या. पहिल्या पगारात त्यानं वैनीला पातळ आणलं होतं, ते अजून पेटीत घडीत होतं. ते पातळ काढून नेसावं असं तिच्या मनात आलं आणि मग कुणाला दाखवायला म्हणून तिनं पेटी लावून टाकली.

एकदा तिनं बाळगोंडाला विचारून बघितलं, सॉस कसा झालाय. तो म्हणाला, बरा हाय. कुणी केलाय म्हाईत हाय का, असं विचारल्यावर तो जरा विचार करून म्हणाला, गुणमालानं. आक्काताई उठून परड्यात गेली.

मग भाऊसोंची गोष्ट निघाली. जवाहरनं कारखान्यात बढाई मारली होती की आपलाच सॉस माझ्या घरी असा लागतो की ओळखू येत नाही. भाऊसो म्हणाले, मग मला खाऊ घाल, तसा जमला तर नवी बाटली काढू आणि ती कढई तू सांभाळ. जवाहर त्या दिवशी सायकल नीट न टेकवता आत धावला. आक्काताईनं ताट वाढून ठेवलं होतं. खोलीतून दोघांचा आवाज येत राहिला आणि ऊन भिंतीवरून वर वर सरकत गेलं. शेवटी गुणमालाच बाहेर आली आणि तिनं सांगितलं, रविवारी मालक जेवायला येणार आहेत, ह्यांचं काम वाढायचं चिन्ह आहे.

जवाहरच्या आयुष्यातली पहिली मोठी बातमी आक्काताईला जावेकडून कळली. बरं झालं, एवढंच ती म्हणाली. आणि त्याच वेळी तिनं ठरवलं.

रविवारी पहाटे उठून तिनं दोडक्याची भाजी, आमटी, शेंगांची चटणी, भाकरी सगळं उरकलं. मग डोक्याला फडकं बांधलं आणि म्हणाली, हळदीला भांगलायला बायका लावल्यात, मला जायला पाहिजे. गुणमाला चुलीपाशी कढई घेऊन बसली होती.

"आक्का, आज थांबा की," ती म्हणाली.

"सॉस तुझा हाय. मी थांबून काय करू?"

गुणमालेचं तोंड उतरलं. आक्काताईनं ते बघितलं आणि बाहेर पडली.

रानात तिचं लक्ष नव्हतं. बाळगोंडा दुसऱ्या वाफ्यात होता. थोड्या वेळानं तो शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, हळद उपटालीस तू. तिनं हातात बघितलं, गवताबरोबर दोन कोवळी रोपं होती. तिनं ती पुन्हा मातीत लावली. तो निघून गेला, का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित ती बोलली असती.

राहवलं नाही म्हणून ती जेवणाच्या वेळेला घरी आली. भाऊसो पाटावर बसले होते. भाजी-भाकरी त्यांनी आवडीनं खाल्ली, चटणी मागून घेतली. मग गुणमालेनं मॅकरोनी वाढली. त्यांनी एक घास घेतला, थांबून दुसरा घेतला, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"आमचाच सॉस हाय," ते म्हणाले. "ओळखला मी."

आक्काताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. क्षणभर तिला बरं वाटलं, अगदी गार वाटलं. मग तिची नजर जवाहरकडं गेली. त्याचे कान लाल झाले होते. रोज असा नसतो, असं काहीतरी तो पुटपुटला, आणि मग मान खाली घालून खायला लागला. ताटातलं संपवलं, कढईतलं उरलेलं वाढून घेतलं, तेही संपवलं. लहानपणी ताप आला की तिनं दिलेला काढा तो असाच प्यायचा, डोळे मिटून, एक शब्द न बोलता. तेव्हा तो तिच्यासाठी प्यायचा. आज तो गुणमालेसाठी खात होता, मालकासमोर तिची लाज झाकायला. आक्काताईला त्याचा राग यायला हवा होता. पण राग आला तो स्वतःचाच. ह्या पोराला आपण भरल्या ताटावर मान खाली घालायला लावली.

गुणमालेनं कढईकडं बघितलं नाही, नवऱ्याकडंही नाही. ती सरळ आक्काताईकडं बघत होती.

भाऊसो गेले, जवाहर त्यांना सोडायला गेला. बाळगोंडा रानातून यायचा होता, मुली खेळायला गेल्या होत्या. आक्काताई परड्यात राख घेऊन भांडी घासायला बसली तशी गुणमालाही येऊन समोर बसली.

"आक्का, आज का घातलं न्हाईसा?"

"काय घातलं न्हाई?"

"हिंग. गूळ. न्हाणीजवळची पानं. बाकीचं मला म्हाईत न्हाई. आज माझं मी घालून बघितलं, ते जळलं. मग परत नुसता सॉस ओतला."

आक्काताईचा हात थांबला. कवापासून माहीत आहे, असं तिनं विचारलं. गुणमाला म्हणाली, तुमचा भाऊ आला होता त्या दिवसापासून. मी हिंगाची डबी उघडलीच नव्हती.

"आणि गप ऱ्हायलीस? माझ्या हातचं तुझं म्हणून मिरवलंस?"

"व्हय," गुणमाला म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं, पण आवाज सरळ होता. "पाण्याला बी मुद्दाम जात हुते. मी समोर असले तर तुमी हात लावला नसतासा. ह्या घरात आल्यापास्नं आक्काची भाकरी, आक्काचं वरण, आक्काचं लोणचं. हे खोलीत येत्यात ते बी तुमचंच सांगत. वैनी असं करायची, वैनी तसं करायची. मला एक तरी गोष्ट माझी पायजे हुती. ती बी तुमचीच निघाली. तरी सोडवंना."

आक्काताई बराच वेळ एकच भांडं घासत राहिली. मग तिनं खाली बघतच विचारलं, "खोलीत काय सांगतोय?"

गुणमालेनं डोळे पुसले. एकदा ह्यांना टायफॉइड झाला होता, रस्ता चिखलानं बंद होता, तेव्हा तुम्ही ह्यांना खांद्यावर घेऊन सांगलीपर्यंत चालत गेला होता, असं ती म्हणाली. महिन्यातून एकदा तरी सांगतात.

"अर्ध्या वाटेत बैलगाडी मिळाली हुती," आक्काताई म्हणाली. "तेवढं सांगत न्हाई व्हय त्यो?"

तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती उठून आत गेली. कितीतरी दिवस ती त्या बंद दारामागच्या आवाजावर जळत बसली होती, आणि आत तिचंच नाव चाललं होतं. आणि ही पोरगी त्याच नावावर जळत होती. पण म्हणून मनातलं सगळं धुऊन निघालं असं झालं नाही. आपल्या वस्तूवर दुसरीनं एवढे दिवस नाव लावलं ही गोष्ट तिला टोचतच होती. नुसतं आता ती कुणाला बोलून दाखवण्यासारखी राहिली नव्हती.

जवाहरला दोघींपैकी कुणीच काही सांगितलं नाही. तो त्या संध्याकाळी जेवला नाही, पोट भरलंय म्हणाला. दुसऱ्या दिवशी कामावर गेला तेव्हा सायकलची घंटीसुद्धा वाजवली नाही.

तो गेल्यावर आक्काताईनं फळीवरची एक बाटली काढली आणि गुणमालेला हाक मारली. टोमॅटो निखाऱ्यावर कसे फिरवायचे, हिंग तुपात किती वेळ राहू द्यायचा, तूप कडेला सुटेपर्यंत घाई का करायची नाही, सगळं दाखवलं. गूळ सांगितला, पानं दाखवली. साय शेवटी घालायची आणि लगेच उतरवायचं, हे सांगायच्या आधी ती थांबली. हे एक आपल्याजवळ ठेवलं तर कुणाला कळणार नव्हतं. गुणमाला पळी धरून वाट बघत होती. आक्काताईनं सायीचं भांडं तिच्या हातात दिलं.

पहिल्यांदा सॉस जरा फुटला. दुसरी बाटली घेतली तेव्हा जमला. दुसऱ्या दिवशी सकाळी जवाहरच्या डब्याबरोबर आणखी एक डबा गेला, भाऊसोंसाठी, दोघींनी त्याच्या देखतच भरलेला. हे घेऊन जा, रविवारी चूक झाली होती म्हणून सांग, एवढंच आक्काताई त्याला म्हणाली. चूक कुणाची ते बोलली नाही.

संध्याकाळी आक्काताई शेंगदाणे भाजत होती आणि गुणमाला सुपात डाळ पाखडत होती. जवाहर सायकल टेकवून आला, तो उभ्यानंच बोलायला लागला. भाऊसोंनी डबा पुसून खाल्ला होता. साय बाटलीत टिकायची नाही आणि तूप परवडायचं नाही, त्यामुळं अगदी असाच सॉस विकता येणार नाही म्हणाले. पण टोमॅटो भाजून घालायचे आणि ॲसिड कमी करून गूळ घालून बघायचं, हे त्यांनी धरलं होतं. तेवढ्यापुरती लहान कढई जवाहरनं सांभाळायची.

"कुणी केलं म्हणून इचारलं त्येनी," तो म्हणाला. "मी म्हटलं, गुणमाला आणि वैनी, दोघींनी केलंय."

आक्काताईनं शेंगदाण्यांवरून उलथनं फिरवलं. कुणाचं नाव आधी घेतलं ते तिनं ऐकलं होतं. गुणमालेनंही ऐकलं होतं, कारण ती सुपावर उगाच जास्त वाकली होती आणि तिच्या ओठाचा कोपरा हलला होता. भूक लागली असेल, हातपाय धुऊन ये, एवढंच तिनं जवाहरला सांगितलं. पुढच्या रविवारी गूळ मात्र आपण आपल्या हातानंच घालायचा, असं तिनं मनाशी नक्की केलं आणि शेंगदाणे करपायच्या आत खाली उतरवले.